शिकणाऱ्यांची ग्रीक

नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. १३,००० हून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. सातवाहनांच्या इतिहासात इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो, त्यामुळे या साठ्याची चर्चा नेहमी त्या ठशाभोवतीच फिरते. इथे पाहायचं आहे ते ठशाखालचं मूळ नाणं. एका बाजूला बाण आणि वज्र, त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी मजकूर. दुसऱ्या बाजूला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं. अक्षरं ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. ‘राजा क्षहरात नहपान याचं’ एवढाच प्राकृत मजकूर ग्रीक अक्षरांत बसवला आहे, आणि ज्या ध्वनींना ग्रीक वर्णमालेत जागा नव्हती त्यांची सोय कोरणाऱ्याने आपल्या परीने लावली आहे. म्हणजे त्या टांकसाळीत ग्रीक अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालू शकणारा कोणीतरी होता. नहपानानंतर उज्जैनच्या चष्टनाच्या वंशाने याच घडणीची नाणी सुमारे तीनशे वर्षं पाडली. चेहरा राहिला, कडेची अक्षरंही राहिली. पण ती हळूहळू बिघडत गेली आणि शेवटी उभ्या रेघा नि वर्तुळं यांची एक झालर तेवढी उरली. ती पुसायचं कोणाला सुचलं नाही, कारण ती वाचायची असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

ग्रीक भाषेच्या सगळ्या इतिहासाकडे पाहण्याची एक दिशा या नाण्यांत मिळते. मराठी वाचकाला ग्रीस माहीत आहे तो होमर, सोफोक्लीस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांचा. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, पु. लं.नी ‘राजा ओयदिपौस’ केलं. शाळेच्या पुस्तकात अलेक्झांडर येतो, पोरसाला भेटतो, परत फिरतो, आणि ग्रीकांचा धडा तिथेच मिटतो. त्यापुढे ग्रीक म्हणजे एक मृत भाषा, युरोपातल्या विद्यापीठांत जपलेली, असा समज उरतो. तो दोन अंगांनी चुकीचा आहे. एक तर ही भाषा कधी मेलीच नाही. इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या मातीच्या पाट्यांपासून आज सकाळी अथेन्समध्ये निघालेल्या वर्तमानपत्रापर्यंत तिच्या लेखी पुराव्यांची मालिका जाते. मध्ये काही शतकांची एकच मोठी खिंड आहे. दुसरं म्हणजे, ती टिकली याचं श्रेय आपण अथेन्सच्या प्रतिभेला देतो, आणि ते अपुरं आहे. ग्रीक टिकली ती प्रामुख्याने तिला शिकून घेणाऱ्यांमुळे, आणि त्यांतल्या मोठ्या हिश्शाची ती मायबोली नव्हती.

ती खिंड आधी पाहू. क्रीटमधल्या नोसॉस इथे आर्थर एव्हान्सला १९०० मध्ये मातीच्या पाट्या मिळाल्या, १९३९ मध्ये ग्रीसच्या मुख्य भूमीवर पायलॉस इथे कार्ल ब्लेगनला आणखी शेकडो मिळाल्या. ही ‘लिनिअर बी’ लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने उलगडली आणि आत प्राचीन ग्रीक निघाली, जी तिथे असेल असं त्याला स्वतःलाही आधी वाटत नव्हतं. त्या वाचनावरच्या शंका मिटवायला पायलॉसची एक पाटी फार उपयोगी पडली. तिच्यावर भांड्यांची यादी आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या भांड्याचं छोटं चित्र: तीन पायांचं, चार कानांचं, तीन कानांचं, बिनकानाचं. अक्षरांना व्हेंट्रिसने दिलेले उच्चार लावले की चित्रात दिसतं तेच शब्दांत येतं. काव्य नाही, पुराण नाही, आहेत त्या मेंढ्या, तेल, चाकं आणि भांडी यांच्या नोंदी. ही लिपी राजवाड्यांतल्या मोजक्या कारकुनांपुरती होती. इ.स.पू. १२००च्या सुमारास राजवाडे जळाले तशी तीही गेली. पुढे कितीतरी पिढ्या ग्रीक बोलली जात होती, पण ग्रीसच्या भूमीवर ती लिहिणारं कोणी उरलं नाही. इ.स.पू. आठव्या शतकात लेखन परतलं ते फिनिशियन व्यापाऱ्यांकडून शिकलेल्या नव्या वर्णमालेतून. ज्या अक्षरांत होमर लिहून ठेवला गेला ती अक्षरं ग्रीकांनी स्वतः परक्यांपाशी बसून गिरवली होती.

भाषा शिकवायची म्हणून ग्रीककडे पाहणं सुरू झालं ते अलेक्झांडरनंतर, इजिप्तच्या अलेक्झांड्रियात. निरनिराळ्या नगरांच्या बोली मागे पडून ‘कोइने’ ही सामाईक भाषा तयार झाली होती, आणि ती बोलणाऱ्यांत इजिप्शियन, ज्यू, सिरियन असे सगळे होते. ग्रीक अक्षरांवरच्या आघातचिन्हांचं श्रेय परंपरा इ.स.पू. २००च्या सुमारच्या ॲरिस्टोफनीस ऑफ बायझंटियम या ग्रंथपालाला देते. जन्मतःच ग्रीक बोलणाऱ्याला शब्दाचा आघात कुठे येतो हे खुणेने सांगावं लागत नाही. ही चिन्हं बाहेरून आलेल्या वाचकासाठी आहेत, आणि जुन्या काव्यापासून दुरावलेल्या घरच्या वाचकासाठीही. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेलं छोटेखानी व्याकरणही याच विद्याकेंद्राच्या परंपरेतलं. ते शतकानुशतकं पाठ केलं गेलं, सिरियाक आणि आर्मेनियनमध्ये गेलं. ज्यूंनी आपला धर्मग्रंथ इथेच ग्रीकमध्ये आणला, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात ख्रिस्ती संप्रदायाने आपलं सगळं आरंभीचं लेखन ग्रीकमध्येच केलं, रोममधल्या मंडळींना धाडलेलं पत्रसुद्धा. जेरुसलेमचा जोसिफस ज्यूंचा इतिहास ग्रीकमध्ये लिहितो आणि शेवटी मोकळेपणाने सांगतो की व्याकरण मी कष्टाने शिकलो, पण मायबोलीच्या सवयीमुळे माझे उच्चार काही नीट झाले नाहीत. फ्रात नदीकाठच्या सामोसाटाचा लुशियन जन्माने सिरियन. त्याचं ग्रीक गद्य इतकं निर्मळ की नंतरच्या हजार वर्षांत विद्यार्थ्यांना वळण म्हणून ते वाचायला दिलं गेलं.

शिकणारा सामान्य माणूसही आपल्याला भेटतो, आणि त्याबद्दल इजिप्तच्या कोरड्या वाळूचे आभार मानायला हवेत. ऑक्सिरिंकस या गावाच्या उकिरड्यांवर ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी १८९६च्या हिवाळ्यापासून खोदकाम केलं आणि पपायरसचे ढीग बाहेर काढले: करारपत्रं, पावत्या, आमंत्रणं, शाळकरी मुलांचे गिरवलेले धडे, हरवलेल्या नाटकांचे तुकडे. त्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं एक पत्र आहे. थेऑन नावाच्या मुलाने आपल्याच नावाच्या बापाला ते लिहिलं आहे. बाप त्याला न घेता शहरात गेला म्हणून पोरगं फुगलं आहे. मी तुला पत्र लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, जेवणार नाही, पाणी पिणार नाही, असा सगळा त्रागा आहे, आणि एक वीणा पाठवून दे अशी मागणीही आहे. पत्र चुकांनी भरलेलं आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्या चुकांइतकं मोलाचं दुसरं काही नाही. जुन्या लेखनात दोन स्वर जोडून लिहायचे तिथे हा मुलगा एकच स्वर लिहितो, कारण त्याच्या कानाला तेवढाच ऐकू येतो. आजच्या अथेन्सवासीयालाही तेवढाच ऐकू येतो. ‘तुला’ म्हणताना त्याने चतुर्थीऐवजी द्वितीयेचं रूप वापरलं आहे, आणि पुढे बोलत्या ग्रीकमधून चतुर्थी नाहीशीच झाली. त्याच्या मास्तरांनी कान पिळण्याजोग्या ठरवल्या असत्या त्याच गोष्टी पुढच्या भाषेचे नियम झाल्या. प्लेटोची ग्रीक आणि आजची ग्रीक या दोन वेगळ्या भाषा नाहीत, एकीतून दुसरी पायरीपायरीने उतरली आहे, हे ज्या कागदांवरून दाखवता येतं त्यांतलं हे एक.

आपल्या दिशेला पाहिलं तर कंदहारला १९५८ मध्ये अशोकाचा ग्रीक आणि ॲरमेइक असा द्वैभाषिक लेख मिळाला. राजाने प्राणिहत्या सोडली, त्याच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शिकार थांबवली, हे त्यात जाणत्या ग्रीकमध्ये मांडलेलं आहे. त्याच कंदहारच्या परिसरातला आणखी एक शिलालेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तो सर्वांत विलक्षण दगड आहे. सोफितोस, नारातोसचा मुलगा, असं लिहिणाऱ्याचं नाव. ही नावं ग्रीक नाहीत. त्यांमागे ‘सुभूति’ आणि ‘नारद’ असावेत असं विद्वानांचं मत आहे. घराण्याची संपत्ती गेली, मी कर्ज काढून परदेशी व्यापाराला गेलो, पैसा कमावून परतलो, वाडवडिलांचं पडकं स्मारक पुन्हा उभारलं, हा मजकूर. पण तो छंदोबद्ध आहे, होमरच्या वळणाच्या शब्दांनी सजवलेला आहे, आणि ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की कवीचं आणि त्याच्या बापाचं नाव उमटतं. ग्रीसच्या भूमीपासून हजारो कोस दूर बसलेल्या, बहुधा भारतीय वंशाच्या माणसाने हे रचलं आहे. त्याला कोणीतरी होमर शिकवला होता, आणि तोही मन लावून शिकला होता.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. ही सगळी तलवारीची करामत, असं कोणीही म्हणेल. अलेक्झांडर आला, त्याच्या सरदारांची राज्यं झाली, नोकरी-व्यापारासाठी लोकांना ग्रीक शिकावीच लागली, त्यात भाषेची थोरवी कसली? या म्हणण्यात तथ्य आहे. उत्तर अफगाणिस्तानातल्या बॅक्ट्रियात ग्रीक राजे गेले तशी भाषाही ओसरली. कनिष्काच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ग्रीक भाषा आहे, नंतरच्या नाण्यांवर अक्षरं ग्रीक राहिली पण भाषा बॅक्ट्रियन झाली. इजिप्त सातव्या शतकात अरबांच्या हाती गेला आणि आठव्या शतकाच्या आरंभी सरकारी दफ्तर अरबीत नेण्याचा हुकूम निघाला. सत्तेविना भाषा आक्रसते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या काळात ग्रीकांकडे सत्ता नव्हती, किंवा शिकणाऱ्यावर त्यांची सत्ता चालत नव्हती, त्या काळाचं काय करायचं? रोमने ग्रीस जिंकला आणि रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस आपली खासगी टिपणं ग्रीकमध्ये लिहीत बसला. नवव्या शतकातल्या बगदादचं बायझंटाइन साम्राज्याशी उघड वैर होतं, आणि तिथेच हुनैन इब्न इसहाक हा अरबी ख्रिस्ती वैद्य प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन याचे ग्रंथ भाषांतरित करत होता. एका ग्रंथाच्या जमतील तेवढ्या प्रती मिळवायच्या, त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, शुद्ध पाठ ठरवायचा आणि मगच भाषांतराला हात घालायचा, ही त्याची रीत. गेलेनच्या सिद्धतेविषयीच्या एका ग्रंथासाठी तो इराक, सिरिया, पॅलेस्टाइन पालथं घालत पार अलेक्झांड्रियापर्यंत गेला, आणि हाती आला तो दमास्कसमध्ये मिळालेला जेमतेम अर्धा ग्रंथ. गेलेनची काही पुस्तकं आज ग्रीकमध्ये नाहीत, अरबीत आहेत. हुनैनला ग्रीक शिकायला कोणत्या तलवारीने भाग पाडलं होतं?

पश्चिम युरोपचंही तसंच. इटालियन कवी पेट्रार्ककडे होमरची ग्रीक प्रत होती, पण ती त्याला वाचता येत नव्हती. १३९७ मध्ये फ्लॉरेन्सने कॉन्स्टँटिनोपलहून मॅन्युएल क्रिसोलोरास या विद्वानाला शिकवायला बोलावलं तेव्हा त्याच्या शहराला तुर्कांचा वेढा पडलेला होता. देण्यासारखं राज्य नव्हतं, फौज नव्हती. त्याने प्रश्नोत्तररूप व्याकरण रचलं, ग्रीकमधल्या नामांच्या प्रकारांचा गुंता परकीय विद्यार्थ्यासाठी सोडवला, आणि त्याच्या हाताखालून निघालेल्या थोड्या शिष्यांनी इटलीत ग्रीक रुजवली. पूर्णपणे ग्रीकमध्ये छापलेलं पहिलं पुस्तक १४७६ मध्ये मिलानला निघालं. ते होमर किंवा प्लेटो नव्हतं, लास्कारिस या विद्वानाचं व्याकरण होतं. छापखान्याच्या हिशेबी डोक्याला कळलं होतं की गिऱ्हाईक आधी शिकणारा आहे, वाचणारा नंतर.

दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. विद्वान काहीही म्हणोत, भाषा घरात जगते, आईच्या तोंडून मुलाला मिळते. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यानंतरच्या तुर्की अमलात खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी, धनगरांनी, खलाशांनी ग्रीक बोलली नसती तर क्रिसोलोरासचं व्याकरण तिला वाचवू शकलं नसतं. हे खरं आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद याच्या पुढे उभा राहिला पाहिजे. काळ्या समुद्राकाठी ट्रॅबझोनच्या डोंगरात आजही रोमेइका नावाची ग्रीक बोली आहे. ती बोलणारे मुसलमान आहेत. त्यांच्या बोलीत क्रियापदाचं जे जुनं रूप टिकून आहे ते ग्रीसमधल्या ग्रीकने कित्येक शतकांपूर्वी टाकून दिलं. घराची ताकद याहून चांगली कुठे दिसणार? पण हीच बोली आज संपण्याच्या मार्गावर आहे, कारण ती लिहिली जात नाही, शाळेत नाही, आणि बाहेरचं कोणी ती शिकत नाही. इटलीच्या टाचेजवळच्या ग्रीक बोलीही अशाच आटत चालल्या आहेत. लिडियन, फ्रिजियन, कॅरियन याही घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा होत्या, ग्रीकच्या अगदी शेजारच्या. घराने त्यांना काही शतकं पोसलं, पण बाहेरच्यांनी त्या शिकाव्यात असं काही घडलं नाही आणि त्या गेल्या. घर भाषेला जिवंत ठेवतं यात वाद नाही. तीन हजार वर्षांच्या अंतरावरून ती वाचता येते, तिच्यातला जुना ग्रंथ नव्या माणसाच्या हाती पडतो, हे मात्र घराच्या आवाक्यातलं काम नाही.

तिसरा आक्षेप खुद्द ग्रीसमधून आला, आणि त्यापायी माणसं मेली. परक्यांच्या आणि अडाण्यांच्या तोंडी भाषा बिघडते, तिला मूळ रूपात न्यायला हवं, हा विचार फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ग्रीस स्वतंत्र होण्याआधीच, याच विचारातून कोराइस या पंडिताने मधला मार्ग म्हणून बोलीला प्राचीन शब्दांचा आणि रूपांचा साज चढवायचं सुचवलं. पुढे तो मार्ग मधला राहिला नाही. ‘कथारेव्हूसा’, म्हणजे शुद्ध केलेली भाषा, दरबार, न्यायालय, विद्यापीठ व्यापून बसली, आणि लोक बोलत ती ‘दिमोतिकी’ हलकी ठरली. १९०१च्या नोव्हेंबरात एका दैनिकात मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं लोकभाषेतलं भाषांतर छापलं गेलं म्हणून अथेन्सच्या रस्त्यांवर दंगल उसळली. आठ जण ठार झाले, पंतप्रधान आणि अथेन्सचे मुख्य धर्माधिकारी दोघांना पायउतार व्हावं लागलं. मूळ शुभवर्तमान त्या काळातल्या साध्या लोकांच्या कोइनेत लिहिलेलं होतं हे सांगणारे होते, ऐकणारे कमी होते. शुद्धतेच्या या हट्टाने काय साधलं? शेतकऱ्याच्या मुलाला आपल्याच देशाचा कायदा वाचता येईना, त्याला मायबोलीच परक्यासारखी शिकावी लागली. १९७६ मध्ये कायद्याने दिमोतिकी सरकारची आणि शिक्षणाची भाषा झाली, १९८२ मध्ये आघातचिन्हांचा पसारा कमी करून एकच चिन्ह ठेवलं गेलं. त्याआधीच कवी सेफेरिसला १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं होतं, नंतर १९७९ मध्ये एलिटिसला मिळालं, दोघेही लोकभाषेत लिहिणारे. थेऑनच्या चुका शेवटी सन्मानाने दरबारात पोचल्या.

या हट्टाच्या मुळाशी रक्ताचा प्रश्न होता. १८३०च्या दशकाच्या तोंडावर फाल्मरायर या जर्मन इतिहासकाराने लिहिलं की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा थेंबही नाही, आणि तेव्हापासून ग्रीक विद्वत्तेचा मोठा शक्तिपात ते खोटं पाडण्यात झाला. मला हा वाद मुळातच आडवळणाचा वाटतो. भाषेचं सातत्य आणि वंशाचं सातत्य यांचा परस्परांवर भार टाकायचं कारण नाही. १९२३च्या लोझान करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली तेव्हा निकष धर्माचा होता. ॲनातोलियातले तुर्की बोलणारे आणि ती तुर्की ग्रीक अक्षरांत लिहिणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ म्हणून ग्रीसला आले, क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ म्हणून पलीकडे गेले. आलेल्यांची मुलं शाळेत ग्रीक शिकली आणि ती त्यांची झाली. सोफितोसची जशी झाली होती तशीच.

उलट दिशेचा प्रवासही त्याच नियमाने चालला, आणि त्याच्या खुणा आपल्याकडे आहेत. कार्ल्याच्या चैत्यातल्या काही खांबांवर दात्यांनी आपण धेनुकाकटचे यवन असल्याचं कोरवलं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचं, म्हणजे यवनाचं, लेणं आहे, जुन्नरलाही यवनांची दानं आहेत. हे लोक खरोखर ग्रीक वंशाचे होते की यवन हे नुसतं समाजनाम उरलं होतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लेखांची भाषा मात्र प्राकृत आहे, आणि नावंही बहुतेक इथलीच. त्यांच्या वाडवडिलांची भाषा ग्रीक असलीच तर तिला या डोंगरांत शिकणारं कोणी मिळालं नाही, आणि त्यांनी इथली भाषा शिकून घेतली.

मग आज मराठी माणसाला ग्रीक शिकायची असेल तर कुठून शिरावं? प्रचलित उत्तर अथेन्सच्या इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकाचं आहे: आधी प्लेटोची ॲटिक, मग वेळ उरला तर मागे होमर. त्यापुढची दोन हजार वर्षं अभ्यासक्रमात नसतातच, आणि आधुनिक ग्रीक तर वेगळ्याच विभागात पर्यटकांच्या संभाषणासोबत शिकवली जाते. वर मांडलेलं सारं ध्यानात घेतलं तर शिरायची जागा मधली आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली कोइने. ती शिकणाऱ्यांचीच भाषा होती, तिची वाक्यं सरळ आहेत, आणि तिथून मागे प्लेटोकडे किंवा पुढे दिमोतिकीकडे जाताना कोणतीच चढण एकदम अंगावर येत नाही. प्लेटोची नजाकत तिच्यात नाही हा आक्षेप बरोबर आहे, पण नजाकत कळायला आधी साधं बोलणं कानात मुरावं लागतं. आपल्यासाठी तर त्या काळातलं एक पुस्तक जणू मुद्दाम ठेवलेलं आहे, ‘पेरिप्लस’. पहिल्या शतकातल्या, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती बाजारच्या साध्या ग्रीकमध्ये लिहून ठेवली. भडोचला काय उतरवावं, काय भरावं, पैठण तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या, सोपारा, कल्याण, चौल कुठे लागतात, कल्याणला गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला का नेली जातात, हे सगळं त्यात आहे. ते आपल्यापर्यंत आलं ते दहाव्या शतकातल्या एका बायझंटाइन नकलाकाराच्या हातून. त्याची प्रत आज हायडलबर्गमध्ये आहे, आणि १५३३ मध्ये बाझेलला ते पहिल्यांदा छापलं गेलं. नकलाकाराला या बंदरांची नावं अनोळखी होती आणि मजकूर जागोजागी चुकला आहे. तिथे मूळ शब्द काय असावा हे आजही विद्वान तर्काने ठरवतात. ज्याला कोकणचा किनारा आणि देशावरच्या जुन्या घाटवाटा ठाऊक आहेत आणि ग्रीकही वाचता येते, अशा माणसाला त्या चुकलेल्या ओळींत करण्यासारखं पुष्कळ काम शिल्लक आहे.